शृंगी घुबड दाखवणारी कोल्हापूरची सायंफेरी : एक परीक्षण

कोल्हापूरला आलेला पाहुणा अंबाबाईचे दर्शन, रंकाळा, नवा राजवाडा, पन्हाळा, जोतिबा आणि तांबडा-पांढरा एवढे उरकून सहसा परततो. शहराच्या पश्चिमेकडच्या माळांवर आणि बंद पडलेल्या दगडाच्या खाणींत संध्याकाळी काय चालते, याची दखल घेण्याची सवय आपल्याकडे स्थानिकांनाही फारशी नाही. अशा वेळी काही निसर्गप्रेमी मंडळींनी हिवाळ्यात एकच पक्षी दाखवण्यासाठी सशुल्क सायंफेरी सुरू करावी आणि तो पक्षी घुबड असावा, हे धाडसच म्हटले पाहिजे. माणशी सहाशे रुपये घेऊन रंकाळ्याजवळून नेणे-आणणे, दुर्बिणीचा वापर, माहितीपत्रक, मार्गदर्शन आणि शेवटी चहा-भडंग असा या फेरीचा ऐवज आहे. जानेवारीतील अशाच एका फेरीला मी पूर्ण शुल्क भरून गेलो होतो आणि त्या अनुभवावर हे परीक्षण लिहीत आहे.

आयोजकांचे नाव आणि खाणीचा ठावठिकाणा मी येथे मुद्दाम देत नाही. एक तर खाली काही उणिवा स्पष्ट शब्दांत मांडायच्या आहेत. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण असे की, घुबडाच्या बसण्याच्या जागेचा पत्ता जाहीर होणे त्याच्या जिवावर बेतू शकते. घुबडांना वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चे संरक्षण आहे; तरीही दिवाळीच्या आसपास, विशेषतः लक्ष्मीपूजनाच्या दिवसांत, अघोरी विधींसाठी ती पकडली आणि विकली जातात. ‘ट्रॅफिक’ या वन्यजीव-व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात भारतात आढळणाऱ्या सुमारे ३० जातींपैकी १५ जाती या व्यापारात नोंदवल्या होत्या. मोठ्या आकाराच्या आणि डोक्यावर शिंगांसारखे तुरे असलेल्या घुबडांना अशा बाजारात जास्त मागणी असते. या फेरीत निघण्यापूर्वीच सर्वांना मोबाइलमधील ठिकाण दाखवणारी सोय बंद करायला सांगितली गेली आणि काढलेली छायाचित्रे जागेच्या उल्लेखासह कोठेही टाकायची नाहीत, असे लेखी मान्य करून घेतले गेले. ही दक्षता मला या सेवेची पहिली जमेची बाजू वाटली.

प्रवासाबद्दल मात्र फार बरे लिहिता येणार नाही. निघण्याची वेळ साडेचारची सांगितली होती आणि प्रत्यक्षात गाडी सव्वापाचला हलली. वाहन म्हणजे एरवी वडापला चालणारी जीप, तिच्यात माणसे दाटीवाटीने बसवलेली. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम ऐन भरात असल्याने रस्त्यावर उसाने लादलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग होती आणि तिच्या मागे अडकून आणखी वेळ गेला. जानेवारीच्या मध्यात कोल्हापुरात सूर्य सव्वासहाच्या थोडा पुढेमागे मावळतो. घुबड पाहण्याची खरी वेळ सूर्यास्ताच्या आधीचा अर्धा तास आणि नंतरचा अर्धा तास असल्याने त्यातला पहिला, उजेडाचा भाग आमच्या हातून जवळजवळ निसटलाच. ऊस वाहतुकीचा अंदाज कोल्हापूरच्या आयोजकांना नसावा, हे पटण्यासारखे नाही.

जागेची निवड मात्र जाणत्या माणसाची आहे. शृंगी घुबड, शास्त्रीय नाव ब्युबो बेंगालेन्सिस, हे दाट जंगलातले पाखरू नव्हे. कातळाच्या कडा, ओढ्यांच्या खचलेल्या दरडी, झुडपी माळ आणि त्यांना लागून असलेली शेती, असा मुलूख त्याला मानवतो. आपल्याकडच्या काळ्या बसाल्टच्या खाणी खडी काढून झाल्यावर तशाच सोडून दिल्या जातात. त्यांच्या उभ्या भिंतींत खाचा, कपारी आणि लहान कट्टे तयार होतात, वर घाणेरी आणि करवंदाची जाळी वाढते, तळाला पावसाचे पाणी साठते आणि चहूबाजूंनी ऊस, भुईमूग व ज्वारीची शेते असतात. माणसाने ओरबाडून टाकलेली ही जागा घुबडाला नैसर्गिक कड्याइतकीच उपयोगी पडते. आमच्या मार्गदर्शकांनी सगळ्यांना खाणीच्या अलीकडच्या काठावर, झुडपांच्या आडोशाला बसवले. घुबड पलीकडच्या भिंतीत होते आणि मध्ये खाणीची पूर्ण रुंदी होती. पुढे जाण्याचा आग्रह एकदोघांनी केला, तेव्हा मार्गदर्शकांनी शांतपणे पण ठाम नकार दिला.

प्रत्यक्ष पक्ष्याविषयी सांगायचे, तर तो सापडायलाच वेळ लागतो. तपकिरी, पिंगट आणि काळ्या रेघांचा पिसारा कातळाच्या रंगात असा मिसळून जातो की, नेमक्या कपारीकडे बोट दाखवले तरी अनेकांना काही दिसेना. दृष्टी स्थिरावल्यावर प्रथम दिसले ते डोळे : गर्द नारिंगी, मोठे आणि आमच्याकडेच रोखलेले. मग डोक्यावरचे दोन उभे तुरे, चेहऱ्याच्या तबकडीभोवतीची काळी किनार, गळ्याखालचा स्वच्छ पांढरा पट्टा आणि बोटांपर्यंत पिसांनी झाकलेले पाय असा एकेक अवयव वेगळा होत गेला. पूर्ण वाढलेला पक्षी साधारण ५० ते ५६ सेंटिमीटर लांबीचा असतो आणि मादी नरापेक्षा मोठी असते. आपल्या परसातला पिंगळा जेमतेम २१ सेंटिमीटरचा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे आकाराची कल्पना येईल. डोक्यावरच्या तुऱ्यांचा ऐकण्याशी काही संबंध नाही. ती नुसती पिसे आहेत आणि कान त्यांच्या बराच खाली, डोक्याच्या दोन्ही बाजूंना पिसांत दडलेले असतात. मार्गदर्शकांनी हे अगदी सुरुवातीला सांगितले ते बरे झाले, कारण ‘कान टवकारले बघा’ ही प्रतिक्रिया लगेचच मागून आली होती.

येथे उपकरणांविषयी लिहिले पाहिजे, कारण शुल्काचा मोठा भाग त्यांच्यासाठी असल्याचे सांगण्यात आले. आयोजकांकडे ८×४२ क्षमतेच्या थोड्या आणि १०×२५ क्षमतेच्या बऱ्याच दुर्बिणी होत्या. शिवाय तिकाटण्यावर बसवलेला एक स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एका डोळ्याने पाहायची मोठी दुर्बीण. दुकानात ‘दहापट’ हा आकडा ऐकून माणूस भुलतो, पण संधिप्रकाशात हिशेब निराळा असतो. समोरच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास (दुसरा आकडा) मोठेपणाच्या (पहिल्या) आकड्याने भागला की, डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. ८×४२ मध्ये ती सव्वापाच मिलिमीटर भरते, तर १०×२५ मध्ये फक्त अडीच. अंधारताना आपली बाहुली पाच मिलिमीटर किंवा त्याहून अधिक उघडते, त्यामुळे छोट्या दुर्बिणीतून येणारे चित्र काळपट दिसते. सूर्य टेकल्यावर दहापट दुर्बिणी हातात असलेल्यांना कपार म्हणजे नुसता अंधार झाला होता. ८×४२ वाल्यांना मात्र पक्ष्याने पंख ताणल्याचेही दिसले. त्या छोट्या दुर्बिणी फेरीतून सरळ बाद कराव्यात आणि दोघांत एक का होईना, मोठी द्यावी. स्कोप उत्तम होता. त्यातून डोळ्याची पापणी मिटताना दिसली. त्याच्यापाशी रांग लावण्याची शिस्त आयोजकांनी पाळून घेतली, पण प्रत्येकाच्या वाट्याला आलेला वेळ अपुरा होता.

सूर्य बुडाल्यावर थोड्याच वेळात नराने हाक दिली. ‘बू-बो’ अशी दोन सुरांची, दुसरा सूर लांबवणारी, घुमणारी ही हाक विणीच्या हंगामात मुख्यतः संधिप्रकाशात ऐकू येते आणि फेब्रुवारीच्या सुमारास ती सर्वाधिक असते. हाक देताना घुबड पुढे झुकते, गळा फुगवते आणि गळ्यावरचा पांढरा पट्टा एकदम उजळून उठतो. हाक संपली की तो पुन्हा आक्रसतो. अंधुक उजेडात पक्ष्याची आकृती दिसेनाशी झाल्यावरही हा पांढरा ठिपका उमटत-मावळत राहिला आणि तेवढ्यावरून नर कोणत्या दगडावर आहे हे आम्हाला कळत होते. तेवढ्यासाठी सहाशे रुपये वसूल झाले, असे मी निःसंकोच म्हणेन.

याच ठिकाणी या फेरीचा सर्वांत मोठा गुण सांगतो. बऱ्याच ठिकाणी मोबाइलवर ध्वनिमुद्रित हाक वाजवून घुबडाला बाहेर काढतात. आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला, अशा समजुतीने नर शिकार सोडून उत्तर देत बसतो, अंडी उबवणाऱ्या मादीचे लक्ष विचलित होते आणि हे रोज संध्याकाळी घडू लागले तर जोडी जागा सोडूही शकते. या फेरीत ध्वनिमुद्रण वाजवले गेले नाही. प्रखर बॅटरी आणि छायाचित्रणाचा फ्लॅशही बंद होता. परतीच्या पायवाटेसाठी लाल कागद गुंडाळलेल्या मंद बॅटऱ्या दिल्या होत्या आणि त्या जमिनीकडेच धरायच्या होत्या. एका सहभागी गृहस्थांनी उत्साहाच्या भरात मोबाइलचा दिवा कपारीकडे वळवला, तेव्हा मार्गदर्शकांच्या आधी बांधावर बसलेले शेतकरी आजोबाच बोलले : ‘‘पाव्हणं, तिकडं बॅटरी मारू नका. आमच्या रानातलं उंदीर त्योच राखतोय.’’

आजोबांचे म्हणणे अक्षरशः खरे असल्याचा पुरावा फेरीच्या उत्तरार्धात मिळतो आणि माझ्या मते हाच उत्तरार्ध या सेवेचा गाभा आहे. खाणीपासून बऱ्याच अंतरावरच्या एका शेतघराच्या पडवीत टेबल मांडून त्यावर घुबडाचे पेलेट, म्हणजे त्याने तोंडावाटे टाकलेले गोळे, ठेवले होते. घुबडाला अन्न साठवण्याची गळपिशवी नसते आणि त्याच्या जठरातले आम्ल ससाण्या-घारींच्या मानाने सौम्य असते, त्यामुळे मांस पचते, पण हाडे, दात, केस आणि पिसे तशीच उरतात. हा न पचलेला माल केसांत गुंडाळून घट्ट गोळा होतो आणि पुढचे भक्ष्य घेण्यापूर्वी घुबड तो तोंडावाटे टाकून देते. ही विष्ठा नव्हे, हे मुलांना आधी सांगितले की त्यांचा संकोच जातो.

माझ्या वाट्याला आलेला गोळा बोटभर लांब, राखाडी आणि नमद्यासारखा दाट होता. चिमट्याने केस उलगडत गेल्यावर प्रथम एक बारीक बरगडी निघाली, मग मणक्यांची माळ आणि तळाशी जवळजवळ अखंड अशी कवटी. कवटीवरून प्राणी ओळखण्याची रीत येथे फार चांगली शिकवली गेली. समोर दोन लांब, वाकडे, नारिंगी छटेचे पटाशीचे दात आणि त्यांच्या मागे मोकळी जागा सोडून दाढा असतील, तर तो उंदराच्या कुळातला; दातांची रांग मध्ये खंड न पडता पुढपर्यंत आली असेल आणि दात पांढरे असतील, तर ती चिचुंद्री. पक्ष्याचे अवशेष चोचीवरून आणि छातीच्या हाडाच्या उभ्या कण्यावरून कळतात. टेबलावरच्या गोळ्यांत उंदरांच्या कवट्यांची संख्या इतर सर्वांपेक्षा कितीतरी जास्त होती. एकात एवढी मोठी कवटी मिळाली की ती घुशीची असावी, असे मार्गदर्शकांनी सांगितले आणि दाढांची रुंदी पाहता ते मला पटले. एका गोळ्यात खेकड्याच्या कवचाचे तुकडेही होते.

याला व्यापक आधार आहे. महाराष्ट्रात शृंगी घुबडाच्या आहाराचा आणि विणीचा दीर्घ अभ्यास पुण्याच्या इला फाउंडेशनचे डॉ. सतीश पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला आहे आणि शेतीप्रधान भूभागात या पक्ष्याच्या खाण्यात उंदीरवर्गाचे महत्त्व त्यांतून स्पष्ट झाले आहे. मऊ केसांचा शेतउंदीर, जर्बिल, छोटा शेतउंदीर, घूस ही त्याची नित्याची शिकार. हिवाळ्यात पक्ष्यांचे प्रमाण वाढते आणि त्यात तित्तर, होले, नीलपंख, कधी शिक्रा, तर कधी पिंगळासुद्धा असतो. म्हणजे मोठे घुबड लहान घुबडाला खाते, हे ऐकून टेबलाभोवतीची सगळी मुले थबकली. ससा आणि वटवाघूळही त्याच्या आवाक्यात आहेत. हिवाळ्यात ऊसतोड सुरू झाली की, फडात दडलेले उंदीर उघड्यावर येतात आणि तोडलेल्या फडाच्या कडेला संध्याकाळी घुबड बसलेले दिसते, हा आजोबांचा अनुभव मार्गदर्शकांनी त्यांच्याच तोंडून वदवून घेतला. तज्ज्ञाने गप्प बसून शेतकऱ्याला बोलू देणे हे आपल्याकडच्या निसर्गभ्रमंत्यांत दुर्मिळ आहे, म्हणून त्याची नोंद करतो.

या टेबलाबाबत एक गंभीर तक्रार मात्र आहे. पेलेट उघडण्यापूर्वी ते चांगले तापवून निर्जंतुक करावे लागतात, कारण त्यांत रोगजंतू जिवंत राहू शकतात. हे गोळे तापवले होते का, असे विचारले असता गोलमोल उत्तर मिळाले. हातमोजे मागितल्यावर सापडले, पण पुरेसे नव्हते. आणि हात धुण्याची सोय चहाच्या किटलीच्या पलीकडे, अंधारात होती. लहान मुले कवट्या हाताळून तशीच भडंगाच्या ताटलीकडे वळली. शैक्षणिकदृष्ट्या इतका मोलाचा कार्यक्रम इतक्या साध्या निष्काळजीपणाने धोक्यात यावा, हे योग्य नाही. हातमोजे, साबण आणि पाणी टेबलाशेजारी ठेवायला खर्च तो किती?

उंदरांवरून विषाचा विषय निघणे साहजिक होते आणि तो निघालाही, पण पाच-सात वाक्यांत आटोपला गेला. मला तो अधिक विस्ताराने हवा होता. शेतात आणि गोदामांत वापरले जाणारे ब्रोमाडिओलोनसारखे विष रक्त गोठू देत नाही. ते खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस सुस्त, अडखळत उघड्यावर फिरतो आणि घुबडाला तोच सर्वांत सोपा सापडतो. अशा उंदरांतले विष घुबडाच्या शरीरात साठत जाते. ज्या शेतकऱ्याला घुबडाचा उपयोग कळला आहे, त्याच्याच हातून नकळत घुबड मरण्याचा हा मार्ग आहे. श्रोत्यांत निम्मी मंडळी शेती असलेल्या घरांतली होती, तेव्हा चहाच्या गप्पांतली दहा मिनिटे कमी करून ती येथे खर्च झाली असती, तर फेरीचा खाणीबाहेरही उपयोग झाला असता.

माहितीपत्रकाविषयी कठोर लिहावे लागते. गुळगुळीत कागदावर छापलेल्या या घडीपत्रकाच्या मुखपृष्ठावर ज्या पक्ष्याचे छायाचित्र आहे, ते शृंगी घुबडच नाही. पिवळे डोळे, पिसे नसलेले उघडे पाय आणि बाजूला कललेले तुरे स्पष्ट सांगतात की ते तपकिरी मत्स्य घुबड आहे, जे ओढ्या-नदीकाठच्या दाट झाडांत राहते आणि मासे, खेकडे व बेडूक धरते. पायावर पिसे आहेत की नाहीत, हा दोघांतला सर्वांत सोपा फरक, आणि आमच्या मार्गदर्शकांनी तो स्कोपमधून दाखवलाही. मग पत्रकात तो कसा सुटला? आतल्या पानावर ‘घुबड मान पूर्ण गोल फिरवते’ असेही छापले आहे. मान दोन्ही बाजूंना सुमारे २७० अंशांपर्यंत फिरते, पूर्ण वर्तुळ नव्हे. तिचे मर्म अधिक मनोरंजक आहे : घुबडाचे डोळे नळीसारखे लांबट आणि खोबणीत घट्ट बसलेले असल्याने ते डोळे फिरवू शकत नाही, म्हणून मान फिरवते. माणसाच्या मानेत सात मणके असतात, तर घुबडाच्या मानेत चौदा. इतकी मान पिळूनही मेंदूचा रक्तपुरवठा कसा टिकतो, याचे उत्तर २०१३ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी दिले. मणक्यांतील ज्या छिद्रांतून रक्तवाहिनी जाते, ती छिद्रे रक्तवाहिनीच्या सुमारे दहापट रुंद असतात, आणि कवटीच्या तळाशी रक्तवाहिन्या फुगून थोडे रक्त राखून ठेवतात. हे चार ओळींत सांगता आले असते.

‘दिवसा आंधळे’ हा पत्रकातला तिसरा दोष, आणि आम्ही पोहोचलो तेव्हा उजेडात आमच्याकडे टक लावून पाहणाऱ्या पक्ष्यानेच तो खोडून काढला होता. शृंगी घुबडाला दिवसाही चांगले दिसते. दिवसा ते लपते, याचे एक मोठे कारण कावळे आणि कोतवाल हे आहे. उघड्यावर दिसले की ही मंडळी कल्ला करून त्याच्यावर झेपावतात. पत्रकात आवाज न करता उडण्याचे वर्णन मात्र नेमके आहे : पंखाच्या पुढच्या कडेची दातेरी झालर, मागच्या कडेचे सुटे तंतू आणि पिसांवरचा मखमली थर, या तिन्हींमुळे हवेची खळबळ मोडते. मादीने कपार सोडली, तेव्हा आमच्यापैकी अर्ध्या लोकांना ती उडाल्याचे कळलेच नाही.

फेरीच्या हंगामाचा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटतो. शृंगी घुबडाची वीण साधारण नोव्हेंबर ते एप्रिल या काळात होते आणि घुबड दिसण्याची खात्रीही याच काळात सर्वाधिक, म्हणून आयोजकांनी फेऱ्या नेमक्या याच महिन्यांत ठेवल्या आहेत. हे घुबड घरटे बांधत नाही. कड्याच्या कट्ट्यावर, मातीच्या दरडीतल्या खोबणीत किंवा सपाट जमिनीवर झुडपाच्या आडोशाला ते उघड्या मातीतच तीन-चार पांढरी अंडी घालते आणि तीच जागा वर्षानुवर्षे वापरते. पिल्ले सुमारे ३३ दिवसांनी बाहेर येतात. पहिल्या अंड्यापासूनच उबवणे सुरू होत असल्याने पिल्लांच्या वयात आणि आकारात फरक असतो आणि अन्न कमी पडले की धाकटे मागे पडते. पिल्ले जवळजवळ सहा महिने आईबापांवर अवलंबून असतात. धोका वाटला की ती पंख पसरून, चोच वाजवून फुत्कारतात आणि आईबाप जवळ आलेल्या माणसाभोवती घिरट्या घालतात किंवा जखमी झाल्याचे सोंग घेऊन त्याला भलतीकडे नेतात. अशा जोडीसमोर आठवड्यागणिक नवी माणसे बसवणे कितपत बरे?

मी मार्गदर्शकांना हे थेट विचारले. त्यांचे उत्तर असे की, अंतर राखले जाते, एका जागी सलग दोन आठवडे फेरी नेली जात नाही आणि मादी उठून गेली तर त्या संध्याकाळचे दर्शन तिथेच संपवले जाते. आमच्या वेळी मादी उडाल्यावर खरोखरच पाच मिनिटांत सर्वांना उठवून पडवीकडे नेले गेले, काहींची नाराजी पत्करून. हे पाहून माझे बरेचसे समाधान झाले, पूर्ण मात्र नाही. पिल्ले लहान असतानाच्या आठवड्यांत खाणीवर जाणे थांबवून फक्त पेलेटचा कार्यक्रम आणि दूरवरून हाक ऐकणे एवढेच ठेवावे, असे मला वाटते. शुल्क त्या प्रमाणात कमी करावे. आणखी एक सूचना त्यांनी आवर्जून दिली, जी खाणमजूर, ऊसतोडणी कामगार आणि शेतकरी सर्वांनी ऐकण्यासारखी आहे : उडता येण्याआधीच पिल्ले चालत जागा सोडतात, त्यामुळे जमिनीवर एकटे दिसलेले पिल्लू बहुधा पोरके नसते. ते उचलून घरी आणू नये. जखमी वाटलेच तर वनविभागाला कळवावे.

अंधश्रद्धेवरचे भाषण लांबले. घुबड दारात ओरडले की माणूस जातो, घुबडाला दगड मारला तर ते तो झिजवते आणि मारणारा झिजत जातो, या समजुती सर्वांना ठाऊक असतात. त्या एकेक करून सांगून खोडण्यात अर्धा तास गेला. त्यात एकाने घुबड हे अंबाबाईचेच वाहन असल्याचे ठासून सांगितले आणि मार्गदर्शकांनी तेही मान्य केले. कोल्हापूरच्या देवीला आपण महालक्ष्मीही म्हणतो खरे, पण गाभाऱ्यातल्या मूर्तीमागे सिंह आहे. घुबड वाचवण्यासाठी देवीचा आधार घ्यायचाच असेल, तर निदान आपल्या गावच्या मूर्तीकडे पाहून बोलावे. त्यापेक्षा महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा लागू आहे आणि घुबड पकडणे व विकणे हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, एवढे दोन वाक्यांत सांगणे अधिक परिणामकारक ठरले असते.

चहा गुळाचा आणि उत्तम होता. भडंग ताजे होते. स्वच्छतागृहाची सोय शेतघरातच होती आणि महिलांना ती आधी दाखवून दिली गेली, हे विशेष. परत रंकाळ्यावर सोडायला नऊ वाजले.

एकंदरीत, सहाशे रुपयांच्या मानाने या फेरीत मिळते ते पुष्कळ आहे. ज्यांना घुबडाचे जवळून छायाचित्र हवे आहे, त्यांनी येथे जाऊ नये. अंतर राखले जाते आणि ते राखलेच पाहिजे. दहा वर्षांवरच्या मुलांना अवश्य न्यावे, मात्र हात धुण्याचा साबण बरोबर घ्यावा आणि शक्य असेल तर स्वतःची ८×४२ दुर्बीणही. गडद रंगाचे कपडे, बंद बूट आणि एक स्वेटर लागतो, कारण माळावर अंधार पडताच गारठा चढतो. नोंदणी करताना निघण्याची वेळ ठासून विचारावी आणि गाडी त्या वेळी न हलल्यास स्वतःच्या वाहनाने मागून येण्याची परवानगी मागावी. आमच्या गटातील एका कुटुंबाने तसे केले आणि त्यांना उजेडातले ते नारिंगी डोळे आमच्या आधी पाहायला मिळाले. पत्रकाच्या पुढच्या आवृत्तीत छायाचित्र बदलले जाईल, असे आश्वासन आयोजकांनी मला दिले आहे. ते बदलले तर मी पुढच्या हिवाळ्यात पुन्हा शुल्क भरायला तयार आहे.